जुळणारा कॉम्प्युटर

“सोडा ना आता. संध्याकाळपर्यंत परत आणून देते,” मी म्हणाले. तरी ह्यांची बोटं सुटेनात.

उजवा हात लकव्याने गेलेला. जे काही बळ उरलं होतं ते डाव्या हातात, आणि त्या हातात ते यंत्र. मोबाइलपेक्षा मोठं, शाळेच्या पाटीपेक्षा लहान, काळ्या रबरी कवचातलं. दारात रिक्षा उभी होती. पराग, आमचा मुलगा, पुण्याहून चार दिवसांच्या रजेवर आला होता.

“बाबा, नवा कॉम्प्युटर आणायला चाललोय. ह्याच्याशी जुळतो की नाही ते दुकानात लावून बघावं लागेल. लगेच येतो.”

ह्यांनी परागकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत यंत्रावरचं एक चित्र अंगठ्याने दाबलं. यंत्र बोललं, “पाणी.”

“बघ,” मी परागला म्हणाले. “सकाळपासून हेच चाललंय.”

परागने एकेक बोट हळूच उचललं आणि यंत्र काढून घेतलं. शेजारच्या सुरवाडे वहिनी ह्यांच्याजवळ बसल्या. आम्ही निघालो तेव्हा हे छताकडे बघत होते.

ह्या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. हे मालगाडीवर गार्ड होते. निवृत्त झाल्यावर भुसावळातच आम्ही दोन खोल्यांचं घर बांधलं. सगळी कॉलनी त्यांना गार्डसाहेब म्हणायची आणि मला गार्डीणबाई. एका सकाळी दाढी करता करता ते खाली बसले आणि उठले ते वाचा गमावूनच. डोकं शाबूत होतं. सगळं कळायचं. तोंडातून फक्त “आ” निघायचा.

जळगावहून फरहाना मॅडम यायच्या. वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणं हे त्यांचं काम. त्यांनीच संस्थेकडून ते यंत्र मिळवून दिलं. त्यावर चित्रं असायची. चित्र दाबलं की यंत्र तो शब्द बोलायचं. यंत्राचा स्वतःचा आवाज होता, पण तो मराठी असं बोलायचा की ऐकून ह्यांनी तोंड वाकडं केलं.

“मग घरच्याच आवाजात भरू,” मॅडम म्हणाल्या. “आजी, तुम्ही बोला.”

“मी? माझा बाईचा आवाज!”

“साहेबांना चोवीस तास ऐकायची सवय कोणाच्या आवाजाची आहे?”

ह्यांच्या डाव्या ओठात हसू आलं. म्हणून मग मीच बोलले. पाणी. टीव्ही लावा. भूक लागली. दुखतंय. संडासला जायचंय. पंखा लावा. पांघरूण द्या. खाली परागचा फोटो, सुनेचा, नातीचा, सुरवाड्यांचा. फोटो दाबला की माझा आवाज त्यांची नावं घ्यायचा. तेव्हापासून ह्यांना भूक लागली की माझ्याच आवाजात मला सांगायचे. मी फोनवर परागला हे सांगितलं तर तो म्हणाला, “आई, घरात आधीही तूच बोलायचीस. आता बाबांच्या वाटचंही तूच बोलतेस होय!”

ह्यांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला.

ठसक्याचंच पुढे दुखणं झालं. एका दुपारी पेल्यातलं पाणी पिता पिता हे काळेनिळे पडले. नंतर ताप. दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. घोट घशातून पोटात जायच्या ऐवजी फुप्फुसात उतरत होता.

“साधं पाणी बंद,” डॉक्टर म्हणाले. “ही पावडर घालून घट्ट करायचं आणि चमच्याने द्यायचं. तेही बसवून. पुन्हा असं झालं तर मला काही करता येणार नाही, बाई.”

घरी आलो. मी स्वयंपाकघरात गेले की खोलीतून माझाच आवाज यायचा, “पाणी.” मी पिठल्यासारखं घट्ट केलेलं पाणी चमच्यात घेऊन जायचे. हे ओठ मिटून घ्यायचे.

“मागता आणि पीत नाही. मी काय करू?”

हे माझ्याकडे बघत राहायचे. मी परत चुलीपाशी गेले की पुन्हा “पाणी.” मला वाटायचं, त्यांना तो गिळगिळीत चमचा नकोय, पेला हवाय. आणि पेला तर मी देऊ शकत नव्हते.

आमच्याकडे पाणी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. कोणी असो. माझ्या सासूबाई तर भांडायला आलेल्या जावेलासुद्धा आधी तांब्या द्यायच्या, मग भांडायच्या. आणि मी माझ्या नवऱ्याला, तोही असा पडलेला, दिवसभर पाण्याला नाही म्हणत होते. एके दिवशी मी न राहवून पेला भरला, त्यांच्या ओठांपर्यंत नेला आणि तिथून परत आणला. मोरीत ओतला. मग परागला फोन लावला आणि रडले.

“त्यांनी मागूच नये असं काहीतरी कर रे. मागितलं की मला नाही म्हणवत नाही, आणि हो म्हटलं तर ते जातील.”

परागने मला रडू दिलं. मग म्हणाला, “ते चित्रच काढून टाकू.”

चित्रं भरणं-काढणं यंत्रावर होत नसे. ते कॉम्प्युटरवर करायचं आणि वायर लावून यंत्रात पाठवायचं. ह्याआधी मॅडम आपला कॉम्प्युटर घेऊन यायच्या. पण त्या बाळंतपणाला मालेगावला माहेरी गेल्या होत्या, चार-सहा महिने येणार नव्हत्या. म्हणून घरचा कॉम्प्युटर. परागने त्यांना फोन करून कोणता घेऊ, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, “आधी हातातलं बघा, मग टेबलावरचं. साहेबांच्या हाताला ते यंत्र बसलंय. कुठलं चित्र कुठे आहे हे बोटांना माहीत झालंय. यंत्र बदलू नका. त्याच्याशी जुळेल असा कॉम्प्युटर घ्या.”

तलरेजांचं दुकान स्टेशन रोडला होतं. नवराबायको दोघं मिळून चालवायचे. गार्डसाहेबांचं नाव ऐकून त्यांनी मला गल्ल्याशेजारची खुर्ची दिली.

“काकू, कॉम्प्युटर तर सगळे सारखेच दिसतात,” तलरेजा म्हणाले. “फरक आत असतो. त्याला चालवणारी जी सिस्टीम असते ना, ऑपरेटिंग सिस्टीम, ती वेगवेगळ्या जातीची असते.”

“मला ही हवी,” पराग एका चपट्या, चकचकीत कॉम्प्युटरवर हात ठेवून म्हणाला. “मी ऑफिसात हीच वापरतो. काही बिघडलं तर पुण्याहून बसल्या बसल्या दुरुस्त करून देईन.”

“लावून तर बघा.”

परागने वायर लावली. कॉम्प्युटरने टुण्ण केलं आणि इंग्रजीत काहीतरी लिहिलं.

“काय म्हणतोय?” मी विचारलं.

“ओळखत नाही म्हणतोय. थांब.” त्याने वायर काढली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. “काहीतरी टाकावं लागेल ह्यात. मधे एक प्रोग्राम, मग त्यातून दुसरा...”

“म्हणजे पाचोऱ्यासारखं,” मी म्हणाले.

“काय?”

“पाचोऱ्याला जामनेरची छोटी गाडी येते आणि आपली मोठी. रूळच वेगळे. डबा इकडचा तिकडे जात नाही, माणसांनी गाठोडी घेऊन उतरायचं आणि दुसऱ्या गाडीत चढायचं. त्यात एखादं गाठोडं राहून जातं.”

तलरेजा टेबलावर हात मारून हसले. “वा काकू! गार्डीणबाई शोभता! पराग साहेब, तुमच्या आईला दुकानात बसवतो मी.”

“बसवा, पण पगार बाबांना विचारून ठरवा,” पराग म्हणाला. तोही हसला, पण चेहरा थोडा पडला होता.

मग तलरेजांनी दुसऱ्या जातीचा एक जाडा, काळा कॉम्प्युटर पुढे ओढला. वायर लावली. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग मोठ्या पडद्यावर ह्यांची सगळी चित्रं उघडली. पंखा, पांघरूण, ताट, परागचा फोटो. जशीच्या तशी, जागच्या जागी. इतकी मोठी बघून मला उगाच भरून आलं. परागने तपासायला म्हणून एक दाबलं. दुकानभर माझा आवाज घुमला, “पाणी.”

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तलरेजांची बायको आतून लगबगीने पेला घेऊन आली. “घ्या काकू, सांगायचं ना आधी! किती कोरड पडली घशाला, आवाज केवढा मोठा आला!”

सगळे हसले. मीही हसले. तहान नव्हती, तरी तो पेला मी घेतला आणि प्यायले.

पराग अजून त्या चकचकीत कॉम्प्युटरकडेच बघत होता. “आई, मी काय म्हणतो, यंत्रही नवंच घेऊ. ह्याच्या जातीचं. त्यात पुरुषाचा आवाज आहे, हजारो शब्द आहेत. हे जुनं झालंय.”

“मॅडम म्हणाल्या ना, हातातलं बदलू नका.”

“मॅडमना काय, त्या एकच पद्धत शिकल्यात.” मग तो माझ्याकडे वळला. “बरं, तू सांग. तुला वापरायचाय. कुठला?”

लग्नाच्या वेळी मला अंगठा उठवावा लागला होता. पराग शाळेत जायला लागल्यावर ह्यांनी मला अक्षरं शिकवली, रेल्वेच्या वेळापत्रकातून. नाशिक, मनमाड, चाळीसगाव. जे नाव वाचता येईल तिथे घेऊन जाईन म्हणायचे. जोडाक्षरांची स्टेशनं राहिली ती राहिलीच. अशा मला माझा इंजिनीअर मुलगा भर दुकानात विचारत होता, की कुठली सिस्टीम घेऊ. मला फार बरं वाटलं. ते मी लपवणार नाही.

“हा काळा घे,” मी म्हणाले. “हातातल्याशी जुळतो तो खरा.”

“काकूंनी बरोबर धरलं,” तलरेजा म्हणाले.

घरी आलो तेव्हा हे जागे होते. सुरवाडे वहिनी म्हणाल्या, “अख्खी दुपार दाराकडे डोळे. डुलकीसुद्धा नाही घेतली.” मी यंत्र दाखवलं तर डावा हात लगेच पुढे आला.

“थोडं थांबा. जोडून घेऊ दे आधी.”

त्यांना दिसावं म्हणून परागने टेबल पलंगाजवळ ओढलं. वायर लावली. चित्रं उघडली. “आता तूच कर, आई. मी परवा जाणार. तुला यायला हवं.”

त्याने दाखवलं तसं मी बाण हलवला. बाण आधी पळून पळून जात होता. पराग म्हणाला, “उंदीर नाही तो, पळणार नाही. हळू धर.” मग जमलं. पाण्याच्या पेल्यावर बाण आला. मी दाबलं. पडद्यावर एक चौकट आली. परागने सगळं मराठीत करून ठेवलं होतं. मी एकेक शब्द मोठ्याने वाचला, “हे चित्र काढून टाकायचे का? होय. नाही.”

“वा!” पराग म्हणाला. “बाबा, बघा तुमची विद्यार्थिनी.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांना पडद्यावरची अक्षरं त्या कोनातून दिसत होती की नाही, कोण जाणे. ते माझ्याकडेच बघत होते. मी “होय” दाबलं.

पेला गेला. मागची चित्रं एकेक घर पुढे सरकली. पहिल्या घरात टीव्ही आला.

“झालं?” मी विचारलं. “इतकंच?”

“इतकंच. जुळणारी सिस्टीम असली की इतकंच असतं. तू म्हणालीस तेच खरं, मी उगाच वाद घातला.”

मी यंत्र ह्यांच्या हातात दिलं. त्यांनी न बघताच, नेहमीच्या जागी, अंगठा ठेवला. “टीव्ही लावा,” माझा आवाज म्हणाला.

मी टीव्ही लावला.

पराग पुण्याला गेला. मी चुलीपाशी असले की खोलीतून यायचं, “टीव्ही लावा.” मी जाऊन लावायचे. परतले की पुन्हा तेच.

“लावलाय की समोर!”

मग मी आवाज वाढवायचे, वाहिनी बदलायचे. बातम्या, कीर्तन, क्रिकेट. कशानेच समाधान नाही. एकदा सुरवाडे वहिनी आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “आयुष्यभर गाडीत बसून बाहेर बघायची सवय. आता टीव्हीत बघतात.” मी पलंग थोडा वळवला, म्हणजे त्यांना मान न वळवता टीव्ही दिसावा. त्यामुळे स्वयंपाकघराचं दार त्यांच्या पाठीमागे गेलं.

पण पाण्याचं मागणं थांबलं होतं. किती दिवसांनी मी निवांत भाकऱ्या थापल्या. ह्यांना बसवून घट्ट पाणी चमच्याने द्यायचे तेव्हा ते मुकाट घ्यायचे. डॉक्टरांनी छाती तपासली. “एकदम साफ,” म्हणाले. “बाई, असंच चालू ठेवा.” मी रिक्षातून येताना ह्यांना म्हणाले, “ऐकलं का? साफ आहे म्हणे.” त्यांनी डोळे मिटले.

हळूहळू ते यंत्र दाबेनासेच झाले. पांघरुणावर पडून असायचं. मी विचारायचे, “भूक लागली? दुखतंय? परागला बोलवू?” मान नाही म्हणून हलायची. एकदा मी पांघरूण सारखं करून वळले, तर माझा पदर त्यांच्या हातात अडकलेला. सोडवायला गेले तर कळलं, अडकला नव्हता, धरला होता.

“काय हवंय? दाबा ना. यंत्र दिलंय ना हातात.”

त्यांनी यंत्राकडे बघितलं. मग पदर सोडून दिला.

थंडी सरता सरता ते गेले. छातीने नाही, हृदयाने. दुपारची वेळ होती. मी मागच्या अंगणात वाळवण उलटत होते. आत आले तेव्हा टीव्ही चालू होता.

उन्हाळ्यात फरहाना मॅडम आल्या. कडेवर गुटगुटीत मुलगी. मी तिला मांडीवर घेतलं. मॅडमना फार वाईट वाटलं होतं. बराच वेळ त्या ह्यांच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “आजी, यंत्र न्यायला आलेय. चोपड्याला एक शिक्षक आहेत, त्यांना द्यायचंय.”

मी यंत्र आणलं. कॉम्प्युटरही दाखवला. त्यांनी वायर लावली, चित्रं उघडली. “छान निवडलात. माझ्या कॉम्प्युटरपेक्षा चांगला जुळतो हा.” आणि चित्रं वर-खाली करत बघायला लागल्या. थोड्या वेळाने थांबल्या.

“आजी, ह्यात तुमचा फोटो कुठाय?”

“माझा कशाला? मी तर कायम समोरच असायचे.”

“मी तुमच्याकडे मागितला होता. राहिला वाटतं.” त्या सहजच विचारत होत्या, मुलीची टोपी नीट करता करता. “मग तुम्ही आतल्या खोलीत असलात तर साहेब तुम्हाला बोलवायचे कसे?”

“पाणी दाबायचे,” मी म्हणाले. “पाणी दाबलं की मी यायचे.”

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं.

लग्न करून मी आले तेव्हा घरात सासूसासरे, दोन दीर, एक विधवा आतेसासू. त्या घरात नवऱ्याने बायकोला हाक मारायची पद्धत नव्हती. मथुरा हे माझं नाव ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ड्यूटीवरून हे यायचे, ओसरीवर बसायचे आणि आत बघून म्हणायचे, “पाणी.” मी पदर सावरत तांब्या-पेला घेऊन यायचे. हे माझ्याकडे बघायचे. एखादा घोट घ्यायचे, उरलेलं जास्वंदीला ओतायचे आणि पेला परत माझ्या हातात द्यायचे. तेवढीच आमची दिवसभराची भेट. सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, “ह्याला गाडीत कोणी पाणी देत नाही की काय? दिवसाला विहीर लागते.” दीर फिदीफिदी हसले होते. मी आत जाऊन तोंडाला पदर लावला होता.

पुढे वेगळं बिऱ्हाड झालं, पराग झाला, सासूसासरे गेले. घरात दोघंच उरलो तरी ह्यांची हाक तीच राहिली. इतकी सवयीची की मी तिला हाक म्हणून कधी ऐकलंच नाही.

“आजी?” मॅडम म्हणाल्या. “काय झालं?”

मी त्यांची मुलगी त्यांच्याकडे दिली. मला धरवेना.

संध्याकाळी परागचा फोन आला. “मॅडम आल्या होत्या? यंत्र नेलं? काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, कॉम्प्युटर छान निवडलात. चांगला जुळतो.”

“मग!” त्याच्या आवाजात किती तरी दिवसांनी उमेद आली. “मी सगळ्यांना सांगतो आई, सिस्टीम माझ्या आईने निवडली. बाबांचे शेवटचे महिने किती सुखाचे गेले त्यामुळे. एकदाही पाण्यासाठी तळमळले नाहीत ते. गेले ना सुखाने?”

फोन दुसऱ्या कानाला लावायला मला थोडा वेळ लागला.

“हो रे,” मी म्हणाले. “तू जेवलास का?”